पोलादाचा काळा

‘गन मेटल’ असं लेबल असलेली रंगाची बाटली चांगली हलवून उघडली की आत फार देखणं दृश्य दिसतं. काळसर द्रवात चमचमत्या कणांच्या लाटा फिरत असतात. काडीनं ढवळलं की त्या काडीमागोमाग वळतात, आणि पाहणाऱ्याला वाटतं, वितळलेलं लोखंडच कुणी बाटलीत भरून दिलंय. या बाटलीवर माझा कितीतरी वर्षं पूर्ण विश्वास होता. १/३५ प्रमाणातल्या सैनिकाच्या हातात द्यायची ली-एनफील्ड रायफल मी याच रंगानं रंगवली. खरी रायफल ११३ सेंटीमीटर लांब, म्हणजे माझी जेमतेम ३२ मिलीमीटर, काडेपेटीतल्या काडीपेक्षाही आखूड. नळीचं तोंड, बोल्ट, मॅगझिन, चापाभोवतीचं कडं, सगळ्यावर एकसारखा हात दिला. वाळल्यावर पाहिलं तर समोर जत्रेतलं खेळणं होतं. सैनिकाचा चेहरा, खाकीच्या घड्या, बुटांवरची माती, सगळं पटत होतं. पटत नव्हती ती बंदूक, आणि तिच्यातही लाकूड पटत होतं, धातू पटत नव्हता.

बिघडलं कुठे याचं उत्तर तुकड्यातुकड्यानं मिळत गेलं. आता ते एका ओळीत सांगता येतं. पोलादाला स्वतःचा रंग नसतो. आपण ज्याला त्याचा रंग म्हणतो तो अर्धा बाहेरून आलेला उजेड असतो आणि अर्धा त्याच्यावरून फिरलेला हात. ओळ छोटी आहे, पण नुसती ऐकून हाताला काही शिकवत नाही. ती सावकाश उलगडावी लागते.

आधी त्या बाटलीतच पाहू. चंदेरी, स्टील, गन मेटल अशा नावांनी मिळणाऱ्या बहुतेक रंगांत चांदी नसते आणि पोलादही नसतं. असतात ते ॲल्युमिनियमचे अतिशय बारीक पापुद्रे. ‘गन मेटल’मध्ये त्यांच्या जोडीला काळा रंग. आता त्यातला २० मायक्रॉनचा एक पापुद्रा घेऊ. नुसत्या डोळ्याला तो जेमतेम जाणवतो. पण प्रतिकृती १/३५ आहे, म्हणजे तिच्यावरची प्रत्येक गोष्ट आपण मनात ३५ पटींनी मोठी करून पाहत असतो. २० मायक्रॉन गुणिले ३५ म्हणजे ०.७ मिलीमीटर. खऱ्या रायफलीच्या नळीवर जाड रव्याच्या दाण्याएवढ्या टिकल्या चिकटवल्या तर ती जशी दिसेल, तशी माझी रायफल दिसत होती. डोळा हा हिशेब मांडत बसत नाही, त्याला तो आपोआप कळतो. म्हणून कारण सांगता आलं नाही तरी माणूस पाहताक्षणी म्हणतो, ‘हे खेळणं वाटतंय.’

दुसरी गोष्ट उजेडाची. चांदी तिच्यावर पडलेल्या उजेडातला शंभरातला सुमारे ९५ हिस्सा परत फेकते, ॲल्युमिनियम ९०च्या आसपास. लोखंड आणि पोलाद मात्र निम्म्याहून थोडाच जास्त, तोही आरशासारखं घासलेलं असेल तर. म्हणजे उत्तम पॉलिश केलेलं पोलादसुद्धा मुळात एक काळवंडलेला आरसा असतो. ॲल्युमिनियमच्या पापुद्र्यांनी आपण ते दाखवायला जातो, तेव्हा पहिल्याच हाताला ते गरजेपेक्षा कितीतरी उजळ होऊन बसतं.

आणि आरसा हा शब्द इथे शब्दशः घ्यायचा. रंगवलेली भिंत उजेड थोडा आत घेते, त्याला आपल्या रंगात भिजवते आणि सगळ्या दिशांना विखरून परत देते, म्हणून पिवळी भिंत कुठूनही पिवळीच दिसते. धातू उजेडाला आत जवळजवळ शिरूच देत नाही, पृष्ठभागावरूनच परतवून लावतो. घरातलं स्टीलचं ताट हातात घेऊन पाहावं. खिडकीकडे वळवलं की पांढरंशुभ्र, फडताळाखालच्या अंधाराकडे वळवलं की जवळजवळ काळं, लाल साडीची बाई शेजारून गेली की क्षणभर लाल. ताट तेच. तांबं आणि सोनं निळा उजेड गिळून टाकतात, म्हणून त्यांच्या आरशाला लालसर-पिवळी झाक असते. पोलादाच्या आरशाला तीही नसते. मग या ताटाचा रंग कोणता म्हणून सांगायचा? माझ्या मते प्रश्नच चुकीचा आहे. ताटावर काय काय उमटतं आणि कुठे उमटतं, एवढंच विचारता येतं.

लहानपणी दिवाळीच्या किल्ल्यावर मांडायला आम्ही मातीचे मावळे आणायचो. किल्ल्यावर अळीव उगवून हिरवंगार व्हायचं, पायथ्याशी आरशाच्या तुकड्याचं तळं, आणि बुरुजावरच्या मावळ्याच्या हातात चंदेरी रंगाची तलवार. ती तलवार मला कधी खोटी वाटली नाही आणि आजही वाटत नाही. याचं कारण, तिथला चंदेरी रंग म्हणजे ‘तलवार’ हा शब्दच होता. शिवाजी महाराज सिंहासनावर, बाजीप्रभू वाटेवर, गवळण टोपली घेऊन, सगळीच तिथे नावं होती आणि प्रत्येक नाव स्पष्ट वाचता येत होतं. प्रमाणबद्ध प्रतिकृतीचं काम वेगळं. तिथे तलवारीचं नाव सांगायचं नसतं, ती वस्तू समोर ठेवायची असते. एका कामाचा रंग दुसऱ्या कामात आणला की काय होतं, ते माझ्या रायफलीवर झालं होतं.

मला खरं शिकवलं ते आमच्या घरातल्या विळीनं. आजीची विळी, मागे पाट, पुढे वळलेलं पातं, टोकाला खोबरं खवायचे दाते. एका दुपारी ती समोर ठेवून मी तास-दीड तास नुसतं पाहत बसलो. पात्याचा मागचा भाग, जिथे ते पाटात रोवलेलं होतं, तिथे तपकिरी-काळा होता, पाण्यानं आणि वर्षांनी आलेला. मधल्या पट्ट्यात राखाडी, आणि त्या राखाडीत निळसर-जांभळ्या डागांचे नकाशे. कैरी, चिंच, कोकम, कांदा यांनी पोलादावर सोडलेले. खाली धारेला मात्र दोऱ्याएवढी एक पांढरी रेघ. सगळी चकाकी तेवढ्याच रेघेत. बाकीच्या पात्यानं आपली चकाकी कधीच सोडून दिली होती, आणि तरी, किंबहुना त्यामुळेच, कुणीही लांबून पाहून म्हणालं असतं की हे पोलाद आहे. पाट आणि पात्याच्या सांध्याशी आणखी एक जागा उजळ होती. आजी विळी उचलताना तिथे हात घालायची.

आपल्याकडे म्हणतात, हात फिरे तिथे लक्ष्मी वसे. म्हणणाऱ्याच्या मनात घर-अंगण असतं, पण लोखंडाच्या बाबतीत ते अगदी अक्षरशः खरं आहे. लोखंड एरवी काळवंडत, तपकिरी होत जातं, आणि जिथे हात, कापड, चामडं, दुसरा धातू रोज घासला जातो तिथेच ते उजळ राहतं. चकाकी ही त्याची मूळ स्थिती नव्हेच. ती कुणीतरी रोज राखलेली असते. त्यामुळे वस्तूवर उजळ जागा कुठे कुठे आहेत हे पाहिलं की ती कशी वापरली गेली हे वाचता येतं. रंगवणाऱ्यानं हे वाचन उलट्या दिशेनं करायचं असतं. आधी वापर ठरवायचा, मग त्या वापरानं कुठे उजळलं असतं ते.

बंदुकीच्या बाबतीत तर पोलाद कारखान्यातच मुद्दाम काळं करतात. चमकणारी नळी शत्रूला सैनिकाचा पत्ता देते, आणि उघडं पोलाद चार दिवसांत गंजतं, अशी दोन्ही कारणं. काळं करण्याची जुनी रीत मला फार आवडते. घासून स्वच्छ केलेल्या नळीला आम्लाचं द्रावण पुसून ती दमट जागी ठेवायची आणि तिच्यावर तांबडा गंज येऊ द्यायचा. मग ती उकळत्या पाण्यात बुडवायची. उकळताना तांबड्या गंजाचा काळा ऑक्साइड होतो, ज्याला मॅग्नेटाइट म्हणतात. सुटा राहिलेला थर तारेच्या ब्रशनं झाडायचा आणि पुन्हा गंज, पुन्हा उकळी, असं अनेकदा. प्रत्येक खेपेला काळा थोडा खोल होतो. म्हणजे जो गंज लोखंडाला खातो, त्याच गंजाला शिजवून लोखंडाचं पांघरूण करायचं. जुने इंग्रज कारागीर याला ब्राउनिंग म्हणत. पुढे कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या कढत द्रावणात बुडवून थोड्या वेळात काळं करण्याची पद्धत सर्वत्र झाली, तिला ब्लूइंग म्हणतात, कारण तिरप्या उजेडात त्या काळ्यात निळी झाक दिसते. अमेरिकेच्या गॅरंड रायफलींवर याऐवजी फॉस्फेटचा थर असे. तो खरबरीत, राखाडी, उजेड पिऊन टाकणारा, आणि त्याच्या बारीक छिद्रांत तेल धरून राहतं. रंगवताना हा फरक विसरता कामा नये. ब्लूइंग केलेल्या नळीला किंचित ओलसर झळाळी हवी, फॉस्फेटच्या नळीला पाटीसारखी कोरडी राखाडी.

यातून एक गोष्ट निघते, आणि तिथे चांगली चांगली माणसं चुकताना मी पाहिली आहेत. रणगाड्यावर रंग असतो, आणि रंग उडतो तेव्हा पापडासारखा उडतो. त्याला धार असते, कडा असते. स्पंजचा तुकडा रंगात बुडवून टिपत गेलं की ते हुबेहूब साधतं. हीच युक्ती रायफलीला लावतात. पण रायफलीवरचा काळा हा रंग नाही, तो लोखंडाचीच बदललेली कातडी आहे, केसाहून कितीतरी पातळ. ती उडत नाही, झिजते. काळ्याचा गडद राखाडी होतो, राखाडीत थोडा तपकिरी येतो, मग फिकट राखाडी, आणि शेवटी एखाद्या कोपऱ्यावर उघडं पोलाद. या सगळ्यात कुठेही रेघ ओढता येत नाही. आजीच्या विळीवरही कोणता पट्टा कुठे संपतो हे मला बोटानं दाखवता आलं नसतं. म्हणून रायफलीवर स्पंज नको, ठिपके नकोत. तिथे विरत जाणाऱ्या छटा हव्यात.

आणि किती हव्यात? यालाही एक हिशेब आहे. प्रतिकृती आपण डोळ्यांपासून साधारण ३५ सेंटीमीटरवर धरतो. १/३५ची वस्तू ३५ सेंटीमीटरवरून पाहणं म्हणजे खरी वस्तू सव्वाबारा मीटरवरून पाहणं. सव्वाबारा मीटर म्हणजे वाड्याच्या एका पडवीतून अंगण ओलांडून समोरच्या पडवीत पाहणं. तिथे कुणी रायफल घेऊन उभा असेल तर धातू म्हणून काय दिसेल? एक गडद आकार, आणि तो हलला तर एखाद-दुसरी लकाकी. बस. ओरखडे दिसणार नाहीत, कोपऱ्याकोपऱ्यावरची चंदेरी किनार तर नाहीच नाही. (हे प्रमाण असं विचित्र का, असं मुलं नेहमी विचारतात. साठच्या दशकाच्या सुरुवातीला तामिया या प्रतिकृती बनवणाऱ्या कंपनीनं मोटरवर चालणारा छोटा पँथर रणगाडा काढला, त्याच्या पोटात मोटर आणि बॅटऱ्या मावतील एवढा तो केला, आणि नंतर मोजलं तर प्रमाण १/३५च्या जवळ निघालं. सगळ्या जगानं मग तेच धरलं.)

आता माझ्या रायफलीकडे येतो. माझा सैनिक इरिट्रियातल्या केरनचा. मार्च १९४१ मध्ये तिथल्या उघड्या, दगडी डोंगरांवर इटालियन सैन्य ठाण मांडून बसलं होतं, आणि ते डोंगर चढून जाणाऱ्या पलटणींत पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान होते. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, कुलाब्याकडची मुलं. त्यांच्या हातात हीच ली-एनफील्ड, .३०३ काडतुसाची. बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात ती बनत असे. पुढे स्वातंत्र्यानंतरही ती सैन्यात बरीच वर्षं राहिली, आणि पोलिसांच्या खांद्यावर, खजिन्याच्या दारावर तर महाराष्ट्रातल्या अनेक पिढ्यांनी पाहिली. ‘थ्री नॉट थ्री’ म्हटलं की आजही लोकांच्या डोळ्यांसमोर ती उभी राहते.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक निवृत्त सुभेदार राहतात. साठच्या सुमारास बेळगावला भरती झालेले. हाती आलेली पहिली रायफल हीच. मी त्यांच्याकडे गेलो तो एकच गोष्ट विचारायला.

“काका, रायफल हातात असताना हात नेमका कुठे कुठे पडायचा, सांगाल का?”

“सांगायचं काय त्यात? छत्री आण तुझी.”

लांब दांड्याची छत्री त्यांनी हातात घेतली आणि पुढची वीस मिनिटं मी फक्त त्यांचे हात पाहत होतो. ‘बाजू शस्त्र’: छत्रीचं टोक उजव्या पायाशी टेकलेलं, हात वर तोंडाजवळ. “बट असं खाली आलं की पितळ जमिनीवर वाजायचं, तेही सगळ्यांचं एकदम.” मग ‘तोल शस्त्र’: रायफल आडवी, एका हातात, बाजूला लटकलेली. नावातच तोल आहे. जिथे धरली की ती पुढे-मागे झुकत नाही, ती एकच जागा, मॅगझिनच्या किंचित पुढे, आणि मैलोन् मैल हात तिथेच. मग बोल्ट. अंगठा आणि पहिलं बोट मुठीवर, वर, मागे, पुढे, खाली. ऐंशी ओलांडलेल्या माणसाचा हात छत्रीच्या दांड्यावर हवेत नसलेला बोल्ट इतक्या सफाईनं ओढत होता की मला तो दिसू लागला. “मॅगझिन काढायचात का सारखं?” “छे. ते रायफलीतच. पाच-पाच काडतुसांची क्लिप वरून दाबायची, दोन वेळा.” म्हणजे मॅगझिनच्या बाजू झिजायला कारण नाही, त्या काळ्याच राहणार. आणि नळीच्या तोंडाखालचा जो जाड लोखंडी मुखवटा असतो, त्याच्या बोंडावर संगीन चढायची-उतरायची. धातूवर धातू. तिथे नक्की उजळलं असणार.

घरी येऊन मी कागदावर रायफल काढली आणि त्यावर सुभेदारकाकांचे हात मांडले. सुरुवातीला जिथे जिथे चंदेरी किनार द्यायची असं मी ठरवलं होतं, त्यातल्या बहुतेक जागा रिकाम्या राहिल्या. आणि ज्या जागेचा मी विचारही केला नव्हता, मॅगझिनपुढची ती तोलाची जागा, तिथे सगळ्यात जास्त हात पडला होता.

मग रंगवायला घेतली. ‘गन मेटल’ची बाटली उघडलीच नाही. सगळ्या धातूला आधी काळा, पण नुसता काळा नाही. काळ्यात चिमूटभर गडद निळा आणि तेवढाच तपकिरी. शुद्ध काळा १/३५ला भोकासारखा दिसतो, आकारच गिळून टाकतो. हा थर पूर्ण बिनचमकीचा हवा, आणि त्याचं कारण पुढच्या पायरीत आहे. वाळल्यावर त्याच मिश्रणात थोडा राखाडी घालून, पाण्यासारखं पातळ करून, वरच्या बाजूला वळणाऱ्या पृष्ठांवर दोन-तीन हात; आकाशाकडे तोंड असलेल्या पोलादावर आकाश उमटतं, आणि खालच्या अंगावर जमीन. केरनची जमीन म्हटल्यावर खालून मातकट तपकिरीची अगदी हलकी झाक. हे सगळं इतकं थोडं की दिसू नये, फक्त जाणवावं.

त्यानंतर शिसपेन्सिल. ६बीची कांडी बारीक पॉलिश पेपरवर घासून त्याची पूड करायची. काडीच्या टोकाला, किंवा जागा मोठी असेल तर थेट बोटाच्या पेराला ती पूड लावायची, आधी कागदावर पुसून जवळजवळ सगळी काढून टाकायची, आणि मग हात जिथे पडत होता तिथे घासायचं. बिनचमकीच्या रंगाला बारीक दात असतात, ते पूड धरून ठेवतात. पहिल्यांदा काहीच होत नाही. चार-पाच वेळा घासलं की काळ्याच्या आतून एक थंड, राखाडी तेज वर येतं, आणि त्याला कुठेही कडा नसते. ग्राफाइटचे थर एकमेकांवरून घसरतात, सपाट पसरतात, आणि त्यांचे कण ॲल्युमिनियमच्या पापुद्र्यांसारखे सुटे चमचमत नाहीत. मला यातली आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. झीज खऱ्या रायफलीवर घासण्यानं आलेली असते आणि इथेही ती घासण्यानंच येते. ज्या क्रियेनं वस्तू तशी झाली, तीच क्रिया लहान करून आपण तिच्यावर करतो. म्हणूनच की काय, चुकायला फारशी जागा उरत नाही.

शिसपेन्सिलीत शिसं नसतं हे शाळेत सांगतात. पण ज्यांनी पूर्वी हे खनिज पाहिलं त्यांना ते शिशाचंच वाटलं, इतकं त्याचं तेज धातूसारखं होतं. डोळ्यांची ती जुनी समजूत आपल्या भाषेनं नावात जपून ठेवली आहे, आणि प्रतिकृतीवर आपण नेमक्या त्याच समजुतीचा आधार घेतो. एकच पथ्य पाळावं लागतं. ग्राफाइटवर वार्निश फिरवलं की तेज मरतं, म्हणून ही पायरी शेवटची आणि नंतर त्या जागेला हात लावायचा नाही.

बोल्टची दांडी ही एकच जागा मी खऱ्या धातुरंगासाठी ठेवली. ती सतत घासून बऱ्यापैकी उजळ असते. तिथे काळ्यावर पोलादी रंगाची एक पातळ रेघ दिली, एका बाजूलाच. १/३५ला ती दांडी अर्ध्या मिलीमीटरच्या आतबाहेर असते, तेव्हा ‘एका बाजूला’ म्हणजे श्वास रोखून एकदाच.

पितळाचं मात्र वेगळं. या रायफलीच्या बटाच्या टोकाला पितळी पट्टी असते, आणि तिच्यात एक छोटं झाकण. आत तेलाची बाटली आणि नळी साफ करायची दोरी, पुल-थ्रू. काकांनी त्या दोरीची आठवण काढली तेव्हा बोटांनी हवेतच चार बाय दोनची चिंदी तिच्या फासात अडकवली. पितळ म्हटलं की हात सोनेरी बाटलीकडे जातो. पण देवघरातली समई आठवावी. पितांबरीनं घासलेल्या दिवशी ती सोन्यासारखी, आणि आठ दिवसांनी तपकिरी-हिरवट, फक्त वरच्या कडांना पिवळी. रणांगणावरच्या रायफलीचं पितळ कुणी रोज घासत नव्हतं, आणि चमकवणं शहाणपणाचंही नव्हतं. म्हणून गडद तपकिरीत थोडा गेरू, आणि ‘बाजू शस्त्र’ला जमिनीला टेकणाऱ्या टोकाशी, फक्त तिथे, फिकट पिवळ्याचा एक बारीक ओरखडा. धातुरंग शून्य. पूर्ण झाल्यावर संबंध रायफलीवर सगळ्यात जास्त धातू वाटणारी जागा तीच ठरली.

धातुरंगाशिवाय धातू दाखवण्याचा हा मार्ग काही नवा नाही. फ्लोरेन्सच्या लेओन बात्तिस्ता आल्बेर्तीनं १४३५ मध्ये चित्रकलेवरच्या आपल्या ग्रंथात चित्रकारांना नेमकं हेच सांगितलं. चित्रात खरा सोन्याचा वर्ख लावू नका. सोन्याचे किरण साध्या रंगांनी दाखवणाऱ्याचं कौतुक जास्त. सपाट फळीवरच्या खऱ्या सोन्यातली अडचणही त्यानं ओळखली होती. जिथे ते उजळ हवं तिथे पाहणाऱ्याला ते काळं दिसतं आणि जिथे गडद हवं तिथे उजळ. आपल्या स्टीलच्या ताटाचीच गोष्ट. त्याच्या एक वर्ष आधी, १४३४ मध्ये, फ्लँडर्समध्ये यान व्हॅन आइकनं आर्नोल्फिनी दांपत्याचं चित्र पूर्ण केलं, जे आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्यात छताला टांगलेलं पितळी झुंबर आहे, आणि त्या पितळात सोन्याचा कणही नाही. तपकिरी, पिवळा, काळा, आणि खिडकीच्या दिशेला पांढऱ्याचे थोडे नेमके ठिपके. ज्या झुंबराचं पितळ बोटांना थंड लागेल असं वाटतं, त्याचा बहुतेक भाग गडद आहे.

छोट्या प्रतिकृती रंगवणाऱ्यांत ही शैली आज फार मानाची आहे, आणि तिच्यात काम करणाऱ्यांच्या हातांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण ती चित्रातून आलेली आहे आणि चित्र एकाच बाजूनं पाहतात. प्रतिकृती माणूस हातात घेऊन फिरवतो. रंगवलेली लकाकी जागची हलत नाही, खोलीतला उजेड मात्र हलतो. आणि तलवारीचं रुंद पातं असेल तर दोघांचं भांडण लगेच दिसतं. ३२ मिलीमीटरच्या रायफलीत ते फारसं दिसत नाही. म्हणून मी पितळ रंगानं केलं, पोलाद ग्राफाइटनं. एकाच वस्तूवर दोन पद्धती चालतात का, असं मला विचारलं जातं. चालतात, कारण दोन्हींच्या मुळाशी बहुतेक सगळा अंधारच आहे.

शेवटची राहिली होती धूळ. केरनच्या उन्हाळ्यातली, फिकट, दगडाची धूळ. रंगाची कोरडी पूड मऊ ब्रशनं लाकडावर, पट्ट्याच्या कड्यांत, मॅगझिनच्या खोबणीत बसवली आणि रायफल सैनिकाच्या हातात चिकटवली. मग काकांना दाखवायला खाली घेऊन गेलो. त्यांनी चष्म्यावर भिंग धरलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. तोलाच्या जागेवर त्यांचं भिंग थांबलं, तिथून बटाकडे गेलं, परत आलं.

“सगळं बरोबर आहे,” ते म्हणाले. “पण बोल्ट कोरडा आहे रे. धुळीत तेल कमी लावायचं हे खरं, पण बोल्ट कोरडा? सुभेदारानं सोलून काढला असता त्याला.”

बरोबर होतं. मी त्या जवानाला त्याच्या रायफलीवरून हात फिरवू दिला होता, पण तिची निगा राखू दिली नव्हती. वर आलो, ओल्या ब्रशनं बोल्टभोवतीची धूळ उचलून काढली, एखाद्यानं चिंदी फिरवल्यासारखी. वाळू दिलं. मग तीन शून्याच्या ब्रशच्या एका केसावर चकाकत्या वार्निशचा थेंब घेतला आणि बोल्टच्या दांडीवर, मुठीच्या मुळाशी टेकवला; ग्राफाइटला लागू न देता. तो पसरला आणि थांबला. धूळ आता त्याच्या कडेपर्यंत येऊन थबकली होती.

संध्याकाळी पुन्हा खाली गेलो. काकांनी सैनिक तळहातावर घेतला आणि खिडकीकडे वळून सावकाश फिरवला. बोल्टवर उजेड आला, गेला, परत आला.